कुत्र्यासकट सापुतारा

आमच्या घरात सहल ठरायची ती मोडण्यासाठीच. नवरा सातपूरला एका कारखान्यात मेंटेनन्सचा फिटर. दर मे महिन्यात कारखाना आठ दिवस बंद राहायचा, त्याला सगळे शटडाऊन म्हणत. त्या आठ दिवसांत बाकीचे कामगार बायकापोरांना घेऊन गावाला, देवाला, नाहीतर थंड हवेला जायचे. मेंटेनन्सवाल्यांची मात्र तेव्हाच खरी लढाई, कारण वर्षभर चालणारी मशीनं उघडायला मिळायची ती तेवढ्याच दिवसांत. कॉलनीतल्या बायका दाराला कुलूप लावून किल्ली माझ्याकडे देऊन जायच्या. "तुम्ही काय, असणारच," म्हणायच्या. नऊ वर्षं मी लोकांच्या तुळशींना पाणी घातलं. दहाव्या वर्षी माझं डोकं फिरलं.

जानेवारीतच मी नवऱ्याला सांगून टाकलं, की या वर्षी शटडाऊनच्या आधीचे चार दिवस मला पाहिजेत. नाही मिळाले तर मी एकटी मुलांना घेऊन निघेन आणि परत कधी येईन ते विचारायचं नाही. तो गरीब माणूस, साहेबापुढे कधी काही मागायला उभा न राहिलेला. पण गेला. रजा मिळाली, एका अटीवर: शटडाऊनच्या पहिल्या दिवशी सकाळी सातला गेटवर हजर.

ठिकाण सापुतारा. आहे गुजरातेत, पण आम्हा नाशिककरांना तो आपलाच वाटतो. सकाळी निघालं की जेवायला वर. कारखान्यातल्या एका मित्राने आपली व्हॅन द्यायचं कबूल केलं, चालवायला नवराच.

"म्हणजे आपण चौघं," तो हिशेब करत म्हणाला.

"पाच," मुलगी म्हणाली.

पाचवा म्हणजे कुत्रा. कारखान्यात कंप्रेसरच्या शेडमागे एक कुत्री व्यायली होती, त्यातलं एक पिल्लू नवऱ्याने डब्याच्या पिशवीतून आणलं होतं. तपकिरी, एक कान कायम पडलेला. मुलगा तेव्हा जेमतेम वर्षाचा होता. तो चालायला शिकला तो कुत्र्याच्या पाठीवर हात ठेवून. कुत्र्याचं नाव इथे लिहीत नाही. लिहिलं की हाक मारल्यासारखं होतं.

त्या काळात आमच्यासारख्या घरात कुत्र्याला घेऊन सहलीला जायचं म्हणजे लोकांना हसायला विषय. मी एसटीडी बूथवर उभी राहून सापुताऱ्याच्या लॉजना फोन लावले. पहिला म्हणाला, "बाई, इथे माणसांना जागा नाही." दुसऱ्याने ऐकल्याबरोबर फोन ठेवला. तिसऱ्याने मागे कुणाला तरी ओरडून सांगितलं आणि दोघं मिळून हसले. चौथा मात्र एका छोट्या बंगल्याचा म्हातारा रखवालदार होता. तो म्हणाला, "लावो ने बेन, ओटला पर बांधजो." आणा की, ओट्यावर बांधा. ओट्याच्या खांबाला कडी आहे, हेही त्याने सांगितलं. बूथवाल्यासमोर माझ्या डोळ्यांत पाणी आलं. घरी येऊन सांगितलं तर मुलं कॉटवर उड्या मारायला लागली आणि कुत्रा त्यांच्याभोवती भुंकत फिरायला लागला, काय झालं ते न कळताच.

मुलगी तिसरीत होती. तिने वहीच्या मागच्या पानावर यादी सुरू केली. स्वेटर चार, टॉर्च, शेव-चिवडा, पत्ते. आणि खाली वेगळी रेघ मारून कुत्र्याचं सामान: ताटली, साखळी, झोपायचं पोतं, रबरी चेंडू.

मग मार्च आला, आणि मुलाचा श्वास अडकायला लागला.

थंडीत त्याची छाती वाजायची हे आम्हाला माहीत होतं. आदल्या कोजागिरीला खिरीतून द्यायचं औषधही एका वैदूकडून आणून दिलं होतं. पण मार्चमधलं ते निराळंच होतं. पहाटे तो उठून बसायचा, दोन्ही हात कॉटवर टेकून, खांदे वर, आणि प्रत्येक श्वासाला गळ्याखाली खड्डा पडायचा. पाच वर्षांचं पोर. रडायला लागला तर श्वास पुरायचा नाही, म्हणून तो रडायचाही नाही, नुसता माझ्याकडे बघायचा. नवरा पहिल्या पाळीला गेलेला. मी मुलाला मांडीवर घेऊन पाठ चोळायची आणि त्याचे श्वास मोजायची. मी त्या महिन्यात कुणाशी धड बोलले नाही. भाजीवालीशी भांडले, मुलीला उगाच मारलं, देवाला नाही नाही ते बोलले. माझा जीव टांगणीला लागला होता आणि मदतीला कुणीही नव्हतं.

डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. "हा दमा आहे. पंप सुरू करू. आणि कुत्रा घरात नको."

आता हे लिहिताना मला माझीच चीड येते, पण तेव्हा आम्ही सगळे असाच विचार करायचो. पंप म्हणजे शेवटचा उपाय. एकदा पंप लागला की जन्माचा लागला, असं कॉलनीतली प्रत्येक बाई छातीठोकपणे सांगायची. माझ्या चुलत्यांच्या हातात मी पंप पाहिला तो त्यांच्या शेवटच्या वर्षात. माझ्या डोक्यात पंप म्हणजे मरणाची पायरी होती. आणि दमा हा शब्द एकदा पोराला चिकटला की शाळेपासून लग्नापर्यंत सुटत नाही. मी डॉक्टरांची चिठ्ठी घडी करून डब्यात ठेवली. दोन उपायांपैकी एकच करायचं ठरवलं, आणि जो मुका होता त्याच्यावर तो ढकलला.

सायखेड्याला माझ्या धाकट्या भावाचा मळा होता. त्याला फोन केला.

"आण की ताई," तो म्हणाला. "मळ्यात लय जागा हाय. राखणीला बी होईल. पण एक ध्यानात ठेव, त्याला रस्ता दिसता कामा नाय. रस्ता दिसला का कुत्रं माघारी येतंच. गोणपाट बांध गाडीला आतून."

पण मुलांना सांगायचं कसं? मुलगा कुत्र्याला सोडणार नव्हता. रडून रडून त्याचा श्वास अडकला तर मी काय करणार होते? तेव्हा मला ती दुर्बुद्धी सुचली. सहल तर ठरलेलीच होती. कुत्र्यासकट ठरलेली होती. म्हटलं, ठरलं तसंच निघायचं. आधी मामाच्या मळ्यात जेवायला थांबू, कुत्र्याला कांदे साठवायच्या चाळीमागे बांधू, आणि मुलं डुलक्या काढत असताना त्यांना गाडीत घालून पुढे निघू. वर गेल्यावर डोंगर, तळं, घोडे, मुलं विसरतील. परत आल्यावर सांगू, त्याला मळाच आवडला.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो उठून डबा विसळून आला. मग म्हणाला, "तू ठरवलंस ना? मग झालं." त्यानंतर तो रोज कारखान्यातून भंगारातल्या पट्ट्या आणि जाळी आणायला लागला. व्हॅनच्या मागच्या भागात बसेल अशी त्याने पिंजऱ्यासारखी चौकट केली. कोपरे घासून गुळगुळीत केले, कुत्र्याच्या पंजाला लागू नयेत म्हणून कडांना रबर लावलं, पाण्याचं भांडं सांडू नये म्हणून त्याला कडं केलं.

"तासाभराच्या रस्त्याला एवढं कशाला?" मी विचारलं.

"पोरांना खरं वाटायला पाहिजे ना," तो म्हणाला. माझ्याकडे त्याने बघितलं नाही.

त्या दोन आठवड्यांत घरात जो आनंद होता तो मला बघवत नव्हता. मुलगा रोज कुत्र्याला चौकटीत बसायची सवय करायचा, स्वतःही त्याच्या शेजारी बसायचा. मध्येच खोकायचा. प्रत्येक खोकल्याला मला वाटायचं, मी करतेय ते बरोबर आहे. आणि कुत्र्याने माझ्या पायावर हनुवटी ठेवली की वाटायचं, माझ्यासारखी पापी बाई नाही.

एवढं सगळं करून मी एक गोष्ट विसरले. आमच्या शाळांत तिसरीला भूगोलात जिल्हा असतो. मुलीच्या पुस्तकात नाशिक जिल्ह्याचा नकाशा होता, आणि परीक्षेसाठी तिने तो घोटून पाठ केलेला होता. निघायच्या दोन दिवस आधी ती पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात आली. सापुतारा जिल्ह्याच्या बाहेर म्हणून तिने सुरगाण्याच्या वर, पानाच्या समासात, पेन्सिलीने ठिपका काढला होता. नाशिक, दिंडोरी, वणी आणि तो ठिपका, अशी रेघ मारली होती.

"आई, सापुतारा वर आहे. सायखेडा इकडे उजवीकडे. मग आपण आधी उजवीकडे कशाला जातोय?"

मी पोळी लाटत होते. "मामाकडे जेवायला."

"जेवायला एवढं लांब?"

"तिकडून पिंपळगाववरनं वणीला जाता येतं. प्रश्न नको विचारूस."

ती उभीच राहिली. मग तिने विचारलं, "आणि त्या जाळीला गोणपाट का लावलंय?"

"त्याला गाडी लागू नये म्हणून."

मुलीने माझ्याकडे बघितलं. मी तव्याकडे बघितलं. पोळी करपली. ती पुस्तक मिटून निघून गेली आणि त्यानंतर तिने मला काहीच विचारलं नाही. मला वाटलं, पटलं तिला. आपल्या सोयीचं असलं की आईलासुद्धा काहीही पटतं.

निघायच्या सकाळी मी सामान बघत होते. कोपऱ्यात एक जादा पिशवी होती. उघडली. कुत्र्याची ताटली, साखळी, पोतं, चेंडू. यादीतलं सगळं होतं, पण यादीत नसलेलंही होतं. हिवाळ्यात त्याच्या अंगावर टाकायचा माझा जुना स्वेटर. पावसाळ्यात पाय पुसायचं फडकं. त्याच्या जखमेवर लावायच्या हळदीची पुडी. मुलाने त्याला चावायला ठेवलेली तुटकी चप्पल. चार दिवसांच्या सहलीला एप्रिलअखेर कुणी पावसाळ्याचं फडकं घेत नाही. आठ वर्षांच्या मुलीने कुत्र्याचं सगळं बिऱ्हाड बांधलं होतं, आणि धाकट्याला एका शब्दाने कळू दिलं नव्हतं.

तेव्हा मी थांबायला हवं होतं. पिशवी हातात धरून मी तशीच बसले होते. मग आतल्या खोलीतून मुलाच्या छातीची शिट्टी ऐकू आली, आणि मी उठून पिशवी गाडीत टाकली.

सायखेड्याला सगळं ठरल्याप्रमाणे झालं, हेच वाईट. वांग्याची भाजी, भाकरी, मुलगा झोपला, नवऱ्याने त्याला उचलून गाडीत ठेवलं. मुलगी कांद्याच्या चाळीमागे होती. मी बोलवायला गेले तर ती कुत्र्याच्या कानाशी काहीतरी बोलत होती, हळू आवाजात, मातीत बोट फिरवत. मला बघून उठली. कुत्रा आमच्या मागे दोराच्या टोकापर्यंत आला आणि उभा राहिला. तो भुंकला नाही. त्याला वाटलं असेल, आता सोडायला येतील.

मुलगा जागा झाला तेव्हा आम्ही वणीच्या पुढे होतो. त्याने मागे वळून गोणपाट उचललं. रिकाम्या चौकटीत पाण्याचं भांडं तेवढं कड्यात बसलेलं होतं. तो रडला नाही. मला विचारलं, "कुठे पडला?" मी सांगितलं, मामाकडे राहिलाय, त्याला झोप आली होती. घाट चढेपर्यंत तो एकच म्हणत होता, की थांबा, परत जाऊ. मग त्याला बोलता येईना.

बंगल्यावर पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. म्हाताऱ्या रखवालदाराने ओट्यावरच्या कडीजवळ पाण्याची कुंडी भरून ठेवली होती. "कुतरो क्यां?" कुत्रा कुठे, त्याने विचारलं, आणि मुलाकडे बघून पुढचं बोलायचं थांबला. पोराचे ओठ निळसर झाले होते. इथे कुत्रा नव्हता, कारखान्यांचा धूर नव्हता, डोंगराची स्वच्छ हवा होती, आणि माझा मुलगा माझ्या हातात गुदमरत होता. मी किंचाळले, एवढंच आठवतं. रखवालदाराने आम्हाला खालच्या वळणावरच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरने कागदी कपाच्या तळाला भोक पाडलं, त्यात पंप बसवला, कप मुलाच्या तोंडावर धरला आणि दाबला. थोड्या थोड्या वेळाने दाबत राहिला. मी म्हणत होते, पंप नको, सवय लागेल. डॉक्टर म्हणाला, "बाई, श्वासाची सवय लागू दे आधी."

दहा-पंधरा मिनिटांत मुलाचे खांदे खाली आले. गळ्याखालचा खड्डा भरला. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "आता आणूया ना त्याला?"

पहिली चिठ्ठी माझ्या घरी डब्यात पडली होती. दीड महिना. मी दवाखान्याच्या बाकावर बसून नवऱ्यासमोर, परक्या डॉक्टरसमोर हमसून हमसून रडले. नवरा म्हणाला, "घेऊन जाऊ त्याला परत. अंगणात राहील. मी बाहेर घर करून देतो." लगेच निघायला डॉक्टर सोडेनात; मुलाला दोन दिवस रोज दोनदा दाखवायला सांगितलं. त्या दोन दिवसांत मी सापुतारा काय बघितला ते विचारू नका. कडी बघितली.

चौथ्या दिवशी दुपारी आम्ही सायखेड्याला उतरलो. मुलगा गाडी थांबायच्या आत हाका मारायला लागला होता. भाऊ बांधावर उभा होता. तो पुढे आला नाही, तेव्हाच मला कळलं.

"दुसऱ्याच दिशी गेलं ताई," तो म्हणाला. "दोर तोडला. नदीपत्तोर पायलं आम्ही, नाय सापडलं."

मुलीने अडकवलेली पिशवी चाळीच्या खिळ्याला तशीच होती.

"नाशिकच्या रस्त्याला लागला असेल," नवरा म्हणाला. "घरी जाईल तो. चला, आपल्या आधी पोचला असेल."

"घरी नाही जाणार तो," मुलगी म्हणाली. तीन दिवसांत ती पहिल्यांदा आपणहून बोलली. "मी त्याला सांगितलंय. पिंपळगाव, मग वणी, मग घाट. गोणपाटामुळे त्याला रस्ता दिसला नव्हता ना, म्हणून नकाशा दाखवला. आपण कुठे असू ते त्याला माहीत पाहिजे."

नवऱ्याने व्हॅन वळवली ती वणीच्या दिशेला. रस्त्यावरच्या प्रत्येक टपरीवर, प्रत्येक ढाब्यावर आम्ही विचारलं: तपकिरी, एक कान पडलेला. मुलं दोन्ही खिडक्यांतून हाका मारत होती. अंधार पडायला आला तेव्हा माझ्या लक्षात आलं की सकाळी सातला शटडाऊन आहे. मी नवऱ्याला आठवण करून दिली. "असू दे," तो म्हणाला. रात्र वणीत ओळखीच्यांकडे काढली आणि उजाडल्यावर पुन्हा निघालो. सात वाजले तेव्हा तो घाटाच्या पायथ्याशी एका गुराख्याला विचारत होता. दहा वर्षांत पहिल्यांदा तो गेटवर नव्हता. पुढे त्याला त्याबद्दल मेमो मिळाला. तो त्याने मला वाचायला दिला नाही.

कुत्रा सापडला नाही. मुलगा पंपाने बरा झाला. दोन महिन्यांत कॉलनीच्या पोरांबरोबर पळायला लागला, पंप चड्डीच्या खिशात. बायका विचारायच्या, सवय नाही का लागली? मी भांडायचे त्यांच्याशी, अगदी तोंड सुटल्यासारखी. अजून भांडते.

तीन वर्षांनी तो तिसरीत गेला. ताईचीच जुनी पुस्तकं त्याला आली. एका संध्याकाळी तो जिल्ह्याचा नकाशा उघडून बसला होता.

"ताई, हा ठिपका कसला? हा तर नकाशाच्या बाहेर आहे."

मी पीठ मळत होते. माझे हात थांबले.

"तिथे त्याला बोलावलं होतं," मुलगी म्हणाली. "तो पोचला तेव्हा आपण निघून आलो होतो."